खोकी, खिळे आणि गृहिणी

स्मरणिकेचे काम सुरू झाले तेव्हा आमच्या चिटणीसबाई घरी आल्या नि म्हणाल्या, “पाककृती पुष्कळ आल्या आहेत, कविताही आल्या आहेत. तुम्ही शाळेत इतिहास शिकवीत होता. तुम्ही काहीतरी इतिहासाचे द्या.” मी विचारले, “कोणाच्या इतिहासाचे?” त्या जरा थांबल्या, इकडेतिकडे पाहू लागल्या. खिडकीखालच्या माझ्या टेबलाकडे त्यांचे लक्ष गेले. “याच्या इतिहासाचे द्या,” असे म्हणून त्या हसल्या. त्यांनी थट्टेने म्हटले असेल, पण मी ते मनावर घेतले.

हे टेबल आंब्याच्या दोन पेट्या आणि देवदारी खोक्यांच्या काही फळ्या यांचे आहे. (हल्ली ‘खोके’ या शब्दाला वर्तमानपत्रांतून जे वळण लागले आहे ते भगिनींनी कृपा करून बाजूला ठेवावे. आमच्या वेळी खोके म्हणजे खोकेच.) ते मी स्वतः केले. त्याची हकीकत पुढे येईल. आधी सांगायचे ते असे की, घरातल्या बाईने हातोडी धरून आपले सामान आपण करावे, ही काही माझी एकटीची खोड नव्हे. त्याला शंभर-दीडशे वर्षांचा इतिहास आहे, आणि तो बराचसा आपल्या देशाबाहेरचा आहे. आपल्याकडे तो का घडला नाही, इथूनच सुरुवात केलेली बरी.

आपल्या जुन्या घरांत लाकडी सामान असे ते कितीसे? जेवायला पाट, पूजेला चौरंग, मुलाला पाळणा, देवाला देव्हारा. कपाट म्हणजे भिंतीतले फडताळ, आणि त्याहून लहान हवे तर कोनाडा. कपडे खुंटीला किंवा दांडीवर. बाकी सर्व संसार जमिनीवर. लाकडाचे जे काम निघे ते गावच्या सुताराचे. बारा बलुतेदारांत त्याचा मान मोठा, कारण नांगर नि गाडीची चाके त्याच्याच हातची. सुगीला त्याचे बलुते त्याला पोचले की वर्षभराची दुरुस्ती त्याच्याकडे. त्यामुळे पाटाचा पाय निखळला तरी घरचा माणूस त्याला हात लावीत नसे; ते ज्याचे काम त्याने करायचे. मग बाईने करवत धरण्याची गोष्टच नको. या व्यवस्थेची सोय होती हे खरे, पण पिढ्यान्‌पिढ्या आपल्या हाताला लाकडाची ओळखच झाली नाही, हेही तितकेच खरे.

मुंबईला येऊन चाळीत राहिल्यावर ही सोय संपली. इथला सुतार धान्यावर नव्हे, रोकड्यावर काम करणारा. दहा बाय बाराच्या खोलीत मात्र भिंतीत फडताळ नाही नि कोनाडाही नाही. या अडचणीतून बाहेर काढले ते रॉकेलने. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी परदेशातून रॉकेल येऊ लागले तेव्हा ते पत्र्याच्या डब्यांतून येई आणि दोन-दोन डबे एकेका लाकडी खोक्यात ठोकून बसवलेले असत. डबा रिकामा झाला की पाण्याला. खोके रिकामे झाले की संसाराला. खोके उभे केले तर मांडणी, आडवे केले तर बसायला, दोन जोडली तर कपाट. आणि पाहुणा आला तर दिसू नये म्हणून पुढे जुन्या लुगड्याचा पडदा. माझ्या आजीच्या खोलीत असे पडद्यामागचे ‘कपाट’ मी पाहिलेले आहे. पडदा बाजूला करायची आम्हां मुलांना सक्त मनाई असे; आत काही मौल्यवान होते म्हणून नव्हे, तर ते खोके आहे हे उघडे पडेल म्हणून.

ही पडद्याची युक्ती आजीचीच असे मी समजत होते. पुढे वाचनात आले की १८६९ साली अमेरिकेत ‘द अमेरिकन वुमन्स होम’ नावाचे एक जाडजूड पुस्तक निघाले होते. लिहिणाऱ्या दोघी बहिणी. एक कॅथरिन बीचर आणि दुसरी ‘अंकल टॉम्स केबिन’ लिहिणारी हॅरिएट बीचर स्टो. कॅथरिन आजन्म अविवाहित. हॅरिएटला सात मुले. गृहव्यवस्थेचे शास्त्र एकीने मांडावे आणि दुसरीने ते सात मुलांत पारखून पाहावे, अशी ही जोडी! थोडक्या पैशांत बैठकीची खोली कशी सजवावी हे त्यांत सांगितले आहे. साध्या फळ्यांची बैठक करावी, वर गादी घालावी नि छापील कापडाने सर्व झाकून टाकावे. म्हणजे लाकूड खडबडीत असो, खिळा वाकडा असो, कापडाखाली सर्व पोटात. आजीचे लुगडे ते हेच.

पण खोके झाकायचे कशाला, ते खोके म्हणूनच नीट का करू नये, असे म्हणणारी बाई यानंतर चाळीस वर्षांनी निघाली. तिचे नाव लुईझ ब्रिगम. निवृत्तीनंतर माझ्या नातीने मला संगणकावर तिचे पुस्तक काढून दिले. जुने असल्याने ते आता कोणालाही फुकट वाचता येते. मी ते रात्री चष्मा लावून वाचत बसले आणि मनात म्हटले, बाई, तुम्ही मला चाळीस वर्षे आधी का भेटला नाहीत!

लुईझबाईंचा जन्म १८७५ चा, बॉस्टनकडचा. तरुणपणी त्या गरीब वस्त्यांत जाऊन राहणाऱ्या समाजसेविकांत सामील झाल्या. अमेरिकेत त्या काळी अशी रीत होती की शिकलेल्या मंडळींनी केवळ देणग्या न देता कामगारांच्या वस्तीत घर घेऊन तिथेच राहावे. तिथल्या खोल्या आपल्या चाळींसारख्याच, कधी कधी त्याहूनही कोंदट. सामान हप्त्याने घेतलेले, अवजड, आणि हप्ता चुकला की दुकानदार उचलून नेणार. या घरांच्या मागे मात्र किराणा दुकानांची रिकामी खोकी जळणाला रचलेली. हे चित्र लुईझबाईंच्या मनात घोळत राहिले.

ते पक्के झाले ते मात्र भलत्याच ठिकाणी. नॉर्वेच्याही पलीकडे, उत्तर ध्रुवाच्या वाटेवर स्पिट्‌सबर्गेन नावाचे बेट आहे. तिथे झाड म्हणून नाही. १९०६ च्या सुमारास तिथे अमेरिकन कंपनीची कोळशाची खाण नुकतीच सुरू झाली होती नि लुईझबाई ओळखीच्या कुटुंबाकडे दोन उन्हाळे तिथे राहून आल्या. अन्न, हत्यारे, साबण, सर्व काही जहाजाने खोक्यांतून यायचे. लाकूड म्हणजे फक्त ही खोकी. बसायला काही नाही आणि उन्हाळ्यात तिथे सूर्य मावळतच नाही, त्यामुळे कामाला वेळही भरपूर. बाईंनी करवत, हातोडी घेतली आणि छावणीच्या घराचे सामान खोक्यांतून उभे केले.

१९०९ साली न्यूयॉर्कला त्यांचे ‘बॉक्स फर्निचर’ हे पुस्तक प्रसिद्ध झाले. घरासाठी शंभर उपयुक्त वस्तू कशा कराव्यात, असे त्याचे उपशीर्षक. शंभर म्हणजे खरोखरीच शंभर! पुस्तकांचे कपाट, लिहिण्याचे टेबल, खिडकीखालची बैठक, लहान मुलाची उंच खुर्ची. प्रत्येक वस्तूला कोणते खोके लागेल, कोणती हत्यारे लागतील, आधी काय करायचे नि मग काय, हे पाककृतीसारखे लिहिलेले; शेजारी आकृती. खोके न फोडता कसे उकलावे इथपासून धडा सुरू होतो. आणि मुख्य म्हणजे यात सुताराचे कसबी सांधे जवळजवळ नाहीत. एका लाकडाला खाच पाडून त्यात दुसऱ्याचे कुसू घट्ट बसवणे हे शिकायला वर्षे जातात. लुईझबाईंनी खोक्याचे तयार कोपरे तसेच ठेवले. कोपरा कारखान्यात आधीच ठोकलेला आहे, काटकोन आधीच साधलेला आहे. आपण फक्त कापायचे, जोडायचे, रंग द्यायचा. मला वाटते, त्यांची सारी हुशारी या एका गोष्टीत आहे. ज्याला कसब नाही आणि वेळही नाही त्याच्यासाठी त्यांनी अवघड भाग आधीच उरकून घेतला.

न्यूयॉर्कमध्ये त्यांनी स्वतःचे बिऱ्हाडही खोक्यांच्या सामानानेच सजवले होते आणि लोक ते पाहायला येत. पुढे शहराच्या मालकीचा एक जुना, पडीक बंगला त्यांना वर्गासाठी मिळाला. हा बंगला १७९९ सालचा, ग्रेसी मॅन्शन नावाचा. एके काळी एका श्रीमंत व्यापाऱ्याचा. मधल्या काळात त्याचा उपयोग सार्वजनिक संडास आणि आइसक्रीमची टपरी असाही झाला होता. तिथे शेजारच्या वस्तीतली मुले शाळा सुटल्यावर येत, खोकी कापत, आणि केलेली वस्तू डोक्यावर घेऊन घरी जात. १९४२ पासून याच बंगल्यात न्यूयॉर्कच्या महापौरांचे अधिकृत निवासस्थान आहे. पहिल्या महायुद्धाच्या काळात लुईझबाईंनी आणखी एक उद्योग केला. कापून तयार केलेले सुटे भाग टपालाने पाठवायचे आणि घेणाऱ्याने घरी ते जोडायचे.

इथे मला एक शंका काढायची आहे, कारण कौतुक करताना माणूस वाहून जातो. लुईझबाईंना त्या वेळी ना नवरा ना मुले. ज्या आईसाठी हे पुस्तक, ती दिवसभर घरात शिवणाचे काम मोलाने करणारी, कडेवर एक नि पायाशी दोन असलेली. तिला करवत चालवायला घटका कुठून मिळणार? याचे सरळ उत्तर पुस्तकात मला दिसले नाही. पण ग्रेसी मॅन्शनच्या वर्गात ते आपोआप मिळाले असे मी म्हणते. आईला वेळ नव्हता, मुलांना होता. टेबल मुलांनी केले. शंभर वस्तूंच्या पुस्तकापेक्षा तो पडीक बंगला मला अधिक शहाणा वाटतो.

आता माझी हकीकत. महात्माजींनी १९३७ साली वर्ध्याला शिक्षण परिषद भरवली आणि हस्तव्यवसायातून शिक्षण हा विचार देशापुढे ठेवला. झाकिर हुसेन समितीने जो अभ्यासक्रम केला त्यात सूतकताई, शेती यांच्याबरोबर सुतारकामही होते. आमच्या शाळेपर्यंत हा विचार पोचला तो असा: हस्तव्यवसायाच्या तासाला मुलगे सुतारकामाला आणि मुली शिवणाला. भिंतीपलीकडून रंध्याचा आवाज येई आणि आम्ही काजे करीत बसू. तेव्हा मी करवत पहिल्यांदा धरली ती वयाच्या छत्तिसाव्या वर्षी.

साल १९८२. जानेवारीच्या १८ तारखेला गिरण्यांचा संप सुरू झाला होता. सुमारे अडीच लाख कामगार घरी बसले होते. आमचे यजमान साचेखात्यात. दोन-तीन महिने वाट पाहून इतर अनेकांप्रमाणे तेही गावी गेले, तेवढीच शेतीला मदत नि इथले एक ताट कमी. माझी शाळा दुपारची. सकाळी शिकवण्या, रात्री वह्या. धाकटा सात वर्षांचा आणि मोठी जूनपासून दहावीत. ती जमिनीवर पालथी पडून अभ्यास करी नि पाठ धरली की रडे. सुताराला टेबलाचे विचारले. त्याने सांगितलेला आकडा माझ्या दीड महिन्याच्या पगाराएवढा होता. त्यात त्याची लबाडी नव्हती; लाकूडच महाग होते.

मे महिना होता. फळवाल्याकडे आंब्याच्या रिकाम्या पेट्या पडलेल्या. दोन घेतल्या. देवदारी खोक्यांच्या फळ्या भंगारवाल्याकडून आणल्या. शिवणाच्या टेपने मोजमाप केले. डाव्या बाजूला दोन पेट्या एकीवर एक, म्हणजे पुस्तकांना दोन खण झाले. उजव्या बाजूला फळ्यांचे दोन पाय. वर तीन फळ्या. रात्री ठोकाठोक केली तर चाळ उठेल, म्हणून रोज संध्याकाळी दिवेलागणीच्या आत अर्धा तास काम. धाकटा खिळे सरळ करी, मोठी फळी धरी. नऊ दिवस लागले. दहाव्या दिवशी ती वही घेऊन बसली नि टेबल एका बाजूला झुकले. सरळ केले, दुसरीकडे झुकले. मी आणखी चार खिळे मारले, फळी तडकली. त्या रात्री मला रडू आले हे लपवीत नाही.

गॅलरीच्या टोकाला एक वयस्क काका राहत. गिरणीच्या सुतारखात्यात त्यांची नोकरी, तेही संपावर. सकाळी त्यांनी येऊन टेबल हलवून पाहिले नि म्हणाले, “बाई, खिळ्यांची काय चूक? खिळा लाकूड धरतो, काटकोन धरत नाही. एक तिरकी पट्टी द्या.” मागच्या बाजूला, एका वरच्या कोपऱ्यातून समोरच्या खालच्या कोपऱ्यापर्यंत त्यांनी पेटीची एकच पट्टी तिरकी ठोकली. टेबल गच्च उभे राहिले. मोठी म्हणाली, “आई, हे भूमितीत आहे. चौकोन दाबला तर चेपतो, त्रिकोण चेपत नाही.” शिकवले होते सर्वांना, पण लाकडात ते दिसले तेव्हा कळले. काकांनी गुण्या कसा धरायचा नि खिळा मारण्याआधी गिरमिटाने बारीक भोक कसे पाडायचे, म्हणजे फळी तडकत नाही, हेही दाखवले. पैसे घेतले नाहीत. दोन वेळा पोहे खाल्ले.

पावसाआधी यजमान आले. टेबलाकडे बराच वेळ पाहून म्हणाले, “लोक म्हणतील, संपाने यांच्या घरात खोकी आणली.” मी उत्तर दिले नाही. आजीचा पडदा मला आठवला. दोन दिवसांनी शाळेतून आले तर ते खाली बसून पॉलिश पेपरने पेटीवरची बागेच्या नावाची शाई घासून काढीत होते. मग त्यांनी तपकिरी रंग दिला. लुईझबाईंनीही आपल्या सामानाला रंग नि साधी नक्षी का दिली असावी, ते पुस्तक वाचताना मला उमगले, ते या आठवणीमुळे.

काकांची तिरकी पट्टी पुढे मला इटलीत भेटली, अर्थात पुस्तकातच. त्याआधी एक शब्द हॉलंडविषयी. तिथे गेरिट रीटफेल्ड नावाचे मोठे वास्तुकार होऊन गेले. सुताराचा मुलगा, लहानपणीच शाळा सोडून बापाच्या कारखान्यात बसलेला. जगभर मंदी असताना १९३४ साली त्यांनी मालाच्या खोक्यांना वापरतात त्या साध्या फळ्यांची खुर्ची केली. इटलीत १९७४ साली एन्झो मारी यांनी त्याच्याही पुढचे पाऊल टाकले. टेबल, खुर्ची, पलंग, कपाट अशा एकोणीस वस्तूंचे त्यांनी आराखडे केले. बाजारात मिळतात त्याच रुंदीच्या फळ्या, सरळ कापणे, खिळे नि हातोडी, बस्स. टपालखर्च पाठवील त्याला आराखडे मोफत. कोणीही करावे, फक्त कारखानदार व व्यापारी यांनी करू नये, अशी अट. मारींचे म्हणणे असे की, एकदा स्वतः टेबल केलेला माणूस दुकानातल्या टेबलाकडे निराळ्या डोळ्यांनी पाहतो. आणि त्यांच्या कित्येक आराखड्यांत काय असावे? फळ्या तिरक्या ठोकलेल्या! सांध्याचे कसब नाही म्हणून त्रिकोणाचा आधार. आमचे काका मारींच्या गावी कधी गेले नव्हते. मारी २०२० साली वारले.

व्यापाऱ्यांनी अर्थात आपला मार्ग शोधलाच. स्वीडनच्या आयकिया कंपनीने १९५६ साली पाय सुटे केलेली टेबले चपट्या खोक्यात घालून विकायला सुरुवात केली. लुईझबाई वारल्या तेही १९५६ साली. सुटे भाग पाठवून घरी जोडायला लावण्याची त्यांची चाळीस वर्षांपूर्वीची कल्पना आता जगभर पैसा मिळवीत आहे. २०२० च्या डिसेंबरात नवी मुंबईतही या कंपनीचे दुकान उघडले. माझ्या नातीने तिथून पुस्तकांचे कपाट आणले. पाठीची पातळ फळी भिंतीकडेच जाणार म्हणून तिने ती लावलीच नाही. कपाट डुलू लागले. ती पातळ फळी म्हणजेच काकांची तिरकी पट्टी, एवढे मी तिला सांगितले नि हातोडी दिली. उंच कपाट भिंतीला पक्के करावे, विशेषतः घरात लहान मूल असेल तर, हेही सांगितले.

आता आंबा बहुधा पुठ्ठ्याच्या खोक्यांतून येतो. त्याऐवजी गोदामांबाहेर मालाखालच्या लाकडी चौकटी, ज्यांना पॅलेट म्हणतात, त्या स्वस्तात मिळतात. परदेशी मालाबरोबर येणाऱ्या चौकटींवर शिक्का असतो. ‘एचटी’ म्हणजे लाकूड नुसते तापवून निर्जंतुक केलेले. ‘एमबी’ म्हणजे विषारी वायू दिलेले. दुसरे घरात आणू नये.

काकांची हातोडी, करवत, गुण्या नि गिरमिट त्यांच्या माघारी माझ्याकडे आली होती. ती आता मंडळाच्या लाकडी कपाटात, खालच्या खणात ठेवली आहेत. ज्या भगिनींना हवी असतील त्यांनी चिटणीसबाईंकडे वहीत नोंद करून न्यावीत. करवत परत करताना पुसून, तेलाचे बोट लावून द्यावी.